बायपासचा चढ

धक्का तसा मोठा नव्हता. रिक्षात बसलं की याच्या दसपट बसतात आणि आपण मोबाइलमधून मानसुद्धा वर काढत नाही. पण मुंब्रा बायपासचा चढ, दुपारचं ऊन, मागे लागलेला ट्रेलर, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि स्टिअरिंगवर आमचे बाबा. अशात गाडीला उचकी लागली. एक, मग दुसरी, मग लागोपाठ. पुढे जायचंय पण कुणीतरी मागून पदर धरलाय अशी ती अडखळायला लागली आणि वेग उतरत उतरत सायकलवर आला. माझा भाऊ सुशांत मागच्या सीटवरून ओरडला, "बाबा, गिअर टाका! गिअर!" बाबा म्हणाले, "टाकलाय." "मग क्लच सोडा पूर्ण!" "सोडलाय." ट्रेलरवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. सुशांतच्या बायकोने, संचिताने, सान्वीला असं काही छातीशी धरलं की पोरगी तिसरीतली नसून तान्ही असावी. मी पुढे, बाबांच्या शेजारी बसलेले. मी काय केलं? काही नाही. दोन्ही पायांनी खालचा पत्रा दाबून धरला, एवढंच.

बाबांनी गाडी डावीकडे घेतली, चारी दिवे लुकलुकते केले आणि थांबले. चढ संपायला हातभर उरला होता. सुशांत उतरला, फिरून पुढे आला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि म्हणाला, "उतरा." रिक्षावाला म्हणतो ना स्टँड आला की, तसं. बाबा उतरले. मागे जाऊन नातीच्या बाजूला बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले. सुशांतने एसी बंद केला, पहिला गिअर टाकला, उरलेला चढ हळूहळू काढला, आणि पलीकडे उतार लागल्यावर गाडी अशी सुळसुळत निघाली की काय सांगू. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बघितलंस, ताई?" मी बघितलं. उताराला दगडसुद्धा पळतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला फक्त मागे बसलेल्या माणसाचे ते दोन हात दिसत होते.

संध्याकाळी बायको-मुलीला ठाण्याला घरी सोडून सुशांतनेच आम्हा दोघांना डोंबिवलीला आणून सोडलं. परतीला गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. त्याचा निकाल झाला. त्याच्या ऑफिसातल्या कुणा अपूर्वला सेकंडहँड गाडी हवीच होती, तो पुढच्या शनिवारी संध्याकाळी बघायला येईल. "अगं ताई, सान्वी होती गाडीत. ट्रेलर लागला असता मागून तर? त्यांचं वय झालंय, हे आपण मान्य करायला पाहिजे. आज गाडी, उद्या गॅस." एवढं बोलून त्याने किल्ली दिली. माझ्या हातात दिली. बाबा तिथेच, चपला काढत होते.

मला राग आला, आणि तो सुशांतचा नव्हता. तो जे बोलला ते मी मनात कितीदा बोलले असेन. हल्ली बाबा एखादा शब्द शोधत थांबतात. मीठ कधी दोनदा पडतं. मागे सोसायटीच्या खांबाला गाडी घासली होती. आई, म्हणजे सुमती, गेली त्याच वर्षी. तेव्हाही सुशांत म्हणालेला, विकून टाकू. मी म्हटलं, थांब. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळी भांडणं माझ्या टेबलावर येतात आणि मिटून जातात. मी तोडगा काढला: बाबांनी एकट्याने गाडी बाहेर काढायची नाही. पण गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून रोज सकाळी खाली जाऊन ती चालू करून ठेवायची, पाच-सात मिनिटं, आणि पुसायची. काम बाबांचं. साप मेला आणि काठीही तुटली नाही. सुशांत खूश, बाबा खूश, आणि मी तर स्वतःवर भलतीच खूश. तेव्हापासून रोज चहा झाला की बाबा पिवळं फडकं खांद्यावर टाकून खाली जातात. आमच्या मजल्यावर इंजिनाचा आवाज येतो, एकसुरी, शांत, आणि मी डब्याची भाजी परतत असते. तो आवाज आला की मला बरं वाटतं, सगळं जागच्या जागी आहे असं.

त्या रविवारी सुशांतची गाडी कामाला टाकलेली होती, ही मंडळी जेवायला ट्रेननेच आलेली. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "मी सोडतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात हल्ली सगळे सगळ्यासाठी माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, मी बसते शेजारी, चला. तेव्हा मला मोठेपणाच वाटला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाबांनी हात पुढे केला. "किल्ली." मी पोळी लाटत होते. मला म्हणायचं होतं, कशाला आता, शनिवारी जाणारच आहे. पण त्यांच्या खांद्यावर ते फडकं होतं. मी पिठाच्या हाताने किल्ली काढून दिली. जाताना ते म्हणाले, "गाडी खेचत नव्हती, हेमा. मी गिअर बरोबर टाकला होता." असं म्हणून गेले. वाद घातला असता तर मी जिंकले असते, मला सवय आहे. ते नुसतं सांगून गेले. चाळीस वर्षं रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस, कमी बोलायचा, पण बोलला की मोजून. लहानपणी ते एमआयडीसीतून घरी यायचे तेव्हा मनगटाच्या सुरकुत्यांत कधी निळं असायचं, कधी शेंदरी. आई दारातच विचारायची, "आज कुठला रंग आणलात?" आणि ते गंभीर तोंडाने उत्तर द्यायचे, "मोरपंखी. पण माल कच्चा आहे." खंडेनवमीला मला कारखान्यात न्यायचे. वजनकाट्याला झेंडूची माळ घातलेली, पिंपांना हळदकुंकू, आणि बाबा सगळ्यांमध्ये उभे, हातात किल्ल्यांचा असा मोठा जुडगा. त्या जुडग्याची एकेक किल्ली कुठली ते त्यांना डोळे मिटून कळायचं. पोळी करपली आणि मी भानावर आले. खालून इंजिन ऐकू येत होतं. नेहमीसारखं.

मग मी एक वेडेपणा केला. टिटवाळ्याच्या गणपतीला मनात नारळ बोलले, की देवा, गाडीत बिघाड निघू दे. गाडी बिघडलेली असू दे म्हणून नवस बोलणारी बाई जगात दुसरी सापडायची नाही. पण मला ते हवंच होतं. गाडी चांगली निघाली तर बाबा बिघडले, असा तो हिशेब होता आणि त्याला तिसरी बाजू मला दिसत नव्हती. सुशांतला फोन केला, विकायच्या आधी गॅरेजला दाखवते. तो म्हणाला, "दाखव. काही निघणार नाही." माझ्या तोंडाशी शिवी आलेली, परत गिळली.

शीळ रस्त्याला मानपाड्याच्या पुढे दौलतचं गॅरेज आहे. दौलत चाळिशीचा, तोंडाचा फटकळ, हातात कायम गुटख्याऐवजी बडीशेपेची पुडी. ऑफिसातून हाफ डे टाकून आम्ही दोघं गेलो. गाडी मी चालवली, बाबा शेजारी, मी स्वतःहून किल्ली घेतली होती आणि ते काही बोलले नव्हते. दौलतने ऐकून घेतलं, बोनेट उघडलं, कान लावला, कसलासा फवारा मारून हवेची वाट साफ केली, एकटाच रस्त्यावर एक फेरी मारून आला आणि पाने पुसत म्हणाला, "ताई, गाडी मख्खन आहे. काय प्रॉब्लेम नाय." मग आवाज खाली करून, "चालवतं कोण? काका? वय काय त्यांचं?"

"वय विचारायला हे काय रेशनिंगचं ऑफिस आहे?" मी म्हटलं. आवाज चढलाच. शेजारचा पंक्चरवाला वळून बघायला लागला. "एक फेरी मारून आलात आणि निकाल दिलात? आमची गाडी पाच जण घालून बायपास चढत होती, तुम्ही इथे सपाटीला एकटे फिरून आलात!" बोलताना माझ्या लक्षातही आलं नाही मी काय बोलतेय. मी नुसती भांडत होते. पण दौलतने बडीशेप तोंडात टाकता टाकता हात थांबवला. "थांबा थांबा ताई. पाच जण? एसी?" "चालू होता," बाबा स्टुलावरून म्हणाले. "आणि धक्के फक्त चढाला. उतारावर नाहीत." दौलतने कपाळावर हात मारला. "च्यायला! आधी बोलायचं ना. मिसिंग मारते ही, लोडला. उभ्या गाडीला काय कळणार?" मग त्याने मला समजावलं. इंजिनात ठिणगी पडते तेव्हा पेट्रोल पेटतं. गाडी रिकामी, सपाटीला, तर ठिणगीला काही कष्ट नसतात. देवघरातली काडी लगेच पेटते ना, तसं. पण वजन आलं, चढ आला, आपण ॲक्सिलरेटर दाबला, की आत एवढी दाटी होते की तीच ठिणगी पडता पडता विझते. एक ठिणगी हुकली की एक धक्का. "म्हणून म्हणतो, लोड पाहिजे. तेव्हा जेवढी माणसं होती तेवढी घेऊन या. तोच चढ. आणि चालवणार काकाच."

"काका का?" मी विचारलं. "तेव्हा कोण होतं? काका ना? मग सगळं तसंच्या तसं पाहिजे. आपण काय बदललं तर एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं काय फरक पडतो. सगळं एकदम बदललं तर काय झाट कळत नाय— सॉरी ताई." मी मान हलवली. घरी येताना मी त्याच वाक्यापाशी अडकून बसले. आई गेली तेव्हा आमच्या घरात सगळं एकदमच बदललं होतं. दूध, लाइटबिल, भाजी, गोळ्या, पाहुणे, दहा-बारा दिवसांतच सगळं मी माझ्याकडे ओढून घेतलं. बाबा पिशवी घेऊन निघाले की मी म्हणायचे, अहो बाबा, राहू दे, मी येताना आणते, तुम्ही बसा. प्रेमाने म्हणायचे, घाईतही असायचे. आणि मग ते शब्द शोधायला लागले, मीठ दोनदा पडायला लागलं, आणि मी म्हटलं, वय. मानपाड्याच्या सिग्नलला मी बाबांकडे बघितलं. ते समोरच्या टँकरवर लिहिलेलं वाचत होते, ओठ हलवत. मागून हॉर्न आला तेव्हा मी गिअर टाकला.

माणसं मिळाली नाहीत. सुशांत म्हणाला, "मी सान्वीला परत त्या गाडीत बसवणार नाही, आणि मीही बसणार नाही, डोकं फिरलंय का तुझं?" दौलतला सांगितलं तर तो हसला. "माणसं नाय तर बॅटऱ्या." शनिवारी सकाळी त्याने भंगारातल्या ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या आमच्या डिकीत आणि मागच्या सीटखाली रचल्या, एवढ्या की गाडीचा मागचा भाग लग्नातल्या जाड मामीसारखा बसला. उरलेल्या जागेत मी, पाय वर घेऊन. पुढे दौलत, मांडीवर मोबाइल, डॅशबोर्डखाली एक छोटी डबी खोचलेली. गाडी आतून काय बोलते ते मोबाइलवर दिसणार. आणि स्टिअरिंगवर बाबा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी विचारलं नाही. आज संध्याकाळी गाडी जाणार, आता काही निघालं नाही तर मी पुन्हा कधी हा विषय काढू शकणार नव्हते.

चढ सुरू झाला. दौलतने एसी पूर्ण खोलला. "दाबा काका. थर्डमध्येच राहू दे." बाबांनी दाबलं. मी मागून त्यांची मान बघत होते, नुकती न्हाव्याकडून आलेली, कानामागे पावडर राहिलेली. गाडी जड आवाजात वर निघाली, नीट निघाली, आणि माझा जीव खाली खाली जायला लागला. नीट चाललीय ही. काही नाहीच हिला. मी डोळे मिटले. आणि मग आली. उचकी! एक, दोन, लागोपाठ, तशीच, त्या दिवशीसारखी, मागे टेम्पोचा हॉर्न, आणि दौलत ओरडला, "दोन नंबर! दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, बघा कसा आकडा पळतोय!" मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. बाबांच्या खांद्यावर थापा मारल्या, "बाबा! गाडी! गाडीच आहे ती! मी म्हणत नव्हते?" मी म्हणत नव्हते, खरं तर. पण त्या क्षणी मला वाटलं मी कायम तेच म्हणत आलेय. डोळ्यांत पाणी आलेलं. बाबांनी खालचा गिअर टाकला, आरसा बघितला, टेम्पोला हात दाखवून वाट दिली, गाडी कडेने नेली. हात तसूभर हलला नाही. "हेमा, ओरडू नकोस, मागे सरक," ते म्हणाले, "दिसत नाही मला मागचं."

गॅरेजवर आल्यावर दौलतने दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावली आणि तीनची दोनला. ठिणगीला जोर देणारी ती वस्तू, इंजिनाच्या चारही सिलिंडरांना एकेक. अदलाबदल केल्यावर धक्के तीनला गेले तर कॉइल खराब, दोनलाच राहिले तर बाकी काही. पुन्हा तोच चढ, पुन्हा बॅटऱ्या, पुन्हा आम्ही तिघं. धक्के दोनलाच राहिले. "कॉइल नाय मग," दौलत म्हणाला आणि ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला काळी मखमल. मी बोट फिरवलं तर बोट काळं. बाकीचे तीनही काढले, तेही काळे, पण दोन नंबरचा सगळ्यात. दौलतने तो उजेडात धरून फिरवला आणि सहज विचारलं, "ही गाडी रोज चालू करून नुसती उभी ठेवता काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तो त्यांचा चांगुलपणा, दुसरं काय. शेवटी मीच म्हटलं, "हो. बॅटरी उतरू नये म्हणून. रोज." "हे बघा मग. थंड इंजिन, पेट्रोल जास्त पितं, गाडी गरम व्हायच्या आत बंद. सगळी काजळी धरते. वर्षानुवर्षं केलं असणार." "कोणी शहाण्याने सांगितलं, कोण जाणे," असं मी म्हणाले आणि हसले. कसलं हसू ते. दौलतला काही कळलं नाही, त्याचं चालूच होतं. "ताई, गाडी चालवायची. चढावर न्यायची, दामटायची, गरम होऊ द्यायची. नायतर ठेवायचीच नाय. मधलं काय नसतं." मी काळं बोट रुमालाला पुसत राहिले. माझा तो तोडगा. ज्याच्यावर मी खूश होते. रोज सकाळी भाजी परतताना जो आवाज ऐकून मला बरं वाटायचं, तो आवाज म्हणजे ही काजळी धरत होती. एक खुर्ची होती तिच्यावर बसले.

नवे प्लग बसले. दौलत म्हणाला, बॅटऱ्या काढायच्या आत एक शेवटची मारून बघू. तिसऱ्यांदा तो चढ. या वेळी बाबांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी शीळफाटा सोडल्यावर काच थोडी खाली केली, गाडी दुसऱ्यात ओढली, तिसऱ्यात टाकली, आणि ती एवढं सगळं मेलेलं शिसं घेऊन वर निघाली. कुठे अडखळली नाही. एका कंटेनरला त्यांनी मागे टाकलं! भीती गेली असं नाही. मी खोटं कशाला सांगू, त्यांनी कंटेनरला मागे टाकलं तेव्हा माझे पाय पुन्हा दाबले गेलेच, या वेळी बॅटऱ्यांवर. माझा फोन वाजला. सुशांत. मी घेतला नाही. माथ्यावर रुंद जागा आहे तिथे बाबांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. खाली मुंब्र्याची दाटी, रूळ, त्यापलीकडे खाडी. मी म्हटलं, "आता अपूर्वला येऊच नको म्हणते. सुशांतला मी सांगते कसं ते. सिद्ध झालं ना आता!"

"विकून टाकू," बाबा म्हणाले.

"का? अहो, तुमची चूक नव्हती, गाडीचीच—"

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं. सिद्ध तुला करायचं होतं." ते आरशात बघत बोलत होते, पण आरशात मी होते की मागून येणाऱ्या गाड्या, मला सांगता येणार नाही. "गाडीचं मला काही नाही, हेमा. सुमतीला हौस होती. रोज सकाळी ती चालू करायचं काम तू मला दिलंस, मी केलं. दुसरं दिलं असतंस तर ते केलं असतं."

मला संताप आला. आधी संतापच आला, बाकी सगळं मग. ऑफिस, घर, यांच्या गोळ्या, यांचं पथ्य, आज शनिवारी सगळं सोडून बॅटऱ्यांत पाय दुमडून बसलेय मी, कुणासाठी? "मग बोलायचं होतंत ना तसं!" मी म्हटलं. "मला काय स्वप्न पडतं का?"

"बोललो की," बाबा म्हणाले. "तू म्हणालीस, तुम्ही बसा."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते असं सांगितलं, जसं स्टोअरमध्ये कुणी विचारावं अमुक माल आहे का, आणि यांनी सांगावं, होता, संपला. पुढे दौलत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. त्याला तिथून कुठे जाता येत नव्हतं बिचाऱ्याला. मोबाइल माझ्याकडे वळवून तो म्हणाला, "ताई, मिसिंग झीरो." मी रडले. मग सगळ्यांसमोर काय, एका मेकॅनिकसमोर काय, रडले झालं. बाबांनी मागे हात करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि गाडी चालू केली.

परतीला मला एकसारखं एकच वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आईनंतर मी सगळं उचललं ते बाबांना त्रास नको म्हणून, हे खरं. पण उचलल्यावर मला ते आवडलंही होतं. सगळे माझ्याकडे बघतात ते आवडलं होतं. ताईशिवाय पान हलत नाही, हे सुशांत म्हणायचा तेव्हा मी नाही-नाही म्हणायचे आणि आतून अशी फुलायचे. त्यातलं आता बाबांना काय काय परत द्यायचं, आणि दिलं तर माझ्याकडे काय उरणार? ऑफिसातून आल्यावर मी दाराशी उभी राहून काय करू? त्यांनी चुकवलं तर? बिल भरायचं राहिलं तर, चुकीची गोळी घेतली तर, गॅस? शीळ रस्त्याचे खड्डे आले, बॅटऱ्या एकमेकींवर आपटत होत्या, बाबा खड्डे चुकवत होते, काही चुकत होते, काही नाही.

संध्याकाळी अपूर्व आला. सभ्य मुलगा. वर येऊन पाणी प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, गाडी बघायची होती." मी उठलेच होते. किल्ली माझ्या पर्समध्ये. काय सांगायचं तेही तयार होतं: प्लग नवे आहेत, रोज चालवा, उभी ठेवू नका, आणि भाव कितीपासून सुरू करायचा. तोंडाशी आलेलं सगळं. मी किल्ली काढली आणि बाबांपुढे धरली. "तुम्हीच जा," मी म्हटलं. बाबांनी चमकून बघितलं. मग किल्ली घेतली आणि गेले, त्या मुलाला पुढे घालून.

मी गॅलरीत आले. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले, खोटं का बोलू. खाली बाबांनी बोनेट उघडलं. हाताने काहीतरी दाखवत होते, लांबलचक, आणि तो मुलगा मान हलवत होता. मग बोनेट पडलं. मग दोघं गाडीत बसले, बाबा स्टिअरिंगवर. गाडी गेटमधून बाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. एकटे नाहीत, मुलगा आहे बरोबर, मी स्वतःला सांगितलं. पण कुठे गेले, किती वेळाने येणार, फोन बाबांनी टेबलावरच ठेवलेला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने हात केला, मी केला की नाही आठवत नाही. फोडणी करायला घेतली आणि मोहरी न घालताच जिरं टाकलं. गॅस बंद केला. पुन्हा गॅलरी.

तेवढ्यात सुशांतचा फोन. दिवसभरातला तिसरा की चौथा. "अगं ताई, कुठेयस तू? अपूर्व आला का? काय ठरलं?"

"आलाय. बाबा घेऊन गेलेत त्याला गाडीतून."

"बाबा? एकटे? ताई, तू कुठेयस मग?"

"मी घरी."

पलीकडे त्याने संचिताला काहीतरी सांगितलं. मग म्हणाला, "अगं, पण विकतायत की नाही ते? काय ठरवलंय त्यांनी?"

रस्त्यावर दिवे लागत होते. गेटमधून एक गाडी आत आली, आमची नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आले की त्यांनाच विचार."